टॉमकॅटला डेटाबेस सापडत नाही तेव्हा

जावामध्ये लिहिलेले एखादे वेब-ॲप्लिकेशन वर्षानुवर्षे विनातक्रार चालत असते. मग एके दिवशी सर्व्हरचे यंत्र बदलले जाते, डेटाबेसचा पासवर्ड बदलला जातो किंवा ते ॲप्लिकेशन चालवणाऱ्या टॉमकॅट या जावा वेब-सर्व्हरची नवी आवृत्ती बसवली जाते, आणि पहिलेच पान उघडताना ५०० क्रमांकाची चूक व तिच्याखाली साठ-सत्तर ओळींचा मजकूर समोर येतो. ज्यांनी ते ॲप्लिकेशन मुळात लिहिले ते बहुधा नोकरी सोडून गेलेले असतात, आणि ज्यांच्याकडे देखभाल आलेली असते त्यांच्यावर कार्यालयातल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न येऊन आदळत असतो. अशा वेळी हाताला येईल ती सेटिंग बदलून सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचा मोह फार होतो. तो टाळता यावा, आणि बिघाड नेमका कुठे आहे हे शांतपणे शोधता यावे, यासाठी हा लेख आहे. उदाहरणे टॉमकॅट आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांची घेतली आहेत, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा उल्लेख जागोजागी येईल, आणि यातला बराचसा विचार इतर जावा सर्व्हरनाही लागू पडतो.

ॲप्लिकेशनमधून डेटाबेसपर्यंत पोहोचण्याचा रस्ता टप्प्याटप्प्यांचा असतो, ही गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की केली पाहिजे. टॉमकॅट आपल्या संरचनेच्या (कॉन्फिगरेशनच्या) फाइली वाचतो. ॲप्लिकेशनने मागितलेले नाव त्या फाइलींत शोधतो. त्या नावाखाली नोंदवलेला ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा प्रोग्रॅमचा भाग, स्मृतीत आणतो. दिलेल्या पत्त्यावर आणि पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या क्रमांक दिलेल्या दाराशी, जाऊन डेटाबेसचे दार ठोठावतो. दार उघडल्यावर नाव आणि पासवर्ड सांगतो. आणि मिळालेले कनेक्शन एका सामाईक साठ्यात, म्हणजे पूलमध्ये, ठेवून सर्वांना आळीपाळीने वापरायला देतो. यातल्या प्रत्येक टप्प्यावरची चूक वेगळ्या शब्दांत बोलते. 'पासवर्ड चुकीचा आहे' असा संदेश आला असेल तर फाइल वाचली गेली, नाव सापडले, ड्रायव्हर मिळाला, पत्ता आणि पोर्ट बरोबर आहेत, एवढे सगळे त्या एका वाक्याने सिद्ध झालेले असते, आणि तरीही कोणी फायरवॉल तपासत बसला असेल तर त्याचा वेळ वाया जात आहे. चुकीचा संदेश हा आपण रस्त्यात कुठवर पोहोचलो हे सांगणारा मैलाचा दगड आहे, असे समजून तो वाचावा.

उतरंड खालून वाचावी

त्या साठ-सत्तर ओळींना स्टॅक ट्रेस म्हणतात, आणि जुन्या घरांतल्या मडक्यांच्या उतरंडीशी तिचे साम्य आहे. वरचे मडके दिसते, पण सगळा भार खालच्यावर असतो. पहिल्या ओळीत बहुतेक वेळा 'सर्व्हलेट चालवताना अपवाद उद्भवला' (अपवाद म्हणजे काम मध्येच थांबवणारी चूक) अशा अर्थाचे मोघम वाक्य असते. त्यातून काहीच कळत नाही. खाली जाताना मधूनमधून 'कॉज्ड बाय' या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी येतात, आणि त्यांपैकी सर्वांत शेवटची ओळ बहुतेक वेळा मूळ कारण सांगते. कोणाची मदत मागतानाही लोक पहिल्या दहा ओळींचा स्क्रीनशॉट पाठवतात आणि नेमकी ती शेवटची ओळ बाहेर राहते.

दुसरी अडचण अशी की ही उतरंड कोणत्या फाइलीत आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते. टॉमकॅटच्या लॉग फोल्डरमध्ये कॅटालिना नावाची फाइल असते आणि लोकलहोस्ट नावाची, तारीख जोडलेली, दुसरी फाइल असते. ॲप्लिकेशन सुरूच झाले नाही तर कॅटालिनाच्या फाइलीत अनेकदा एवढेच लिहिलेले आढळते, की 'वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट', आणि सविस्तर माहिती संबंधित लॉगमध्ये मिळेल. तो संबंधित लॉग म्हणजे सहसा ती दुसरी, लोकलहोस्टची फाइल. ती न उघडता केवळ पहिल्या फाइलीतल्या वाक्यावर तासन् तास विचार करणारी अनेक माणसे मी पाहिली आहेत.

तिसरी गोष्ट फोल्डरची. टॉमकॅटला दोन घरे असू शकतात: प्रोग्रॅम जिथे बसवला ते कॅटालिना होम, आणि संरचना, लॉग व ॲप्लिकेशने जिथे राहतात ते कॅटालिना बेस. डेबियन किंवा उबुंटूच्या पॅकेजमधून टॉमकॅट बसवला तर ही घरे खरोखरच वेगवेगळ्या ठिकाणी असतात. एक्लिप्स या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनातून चालवला तर एक्लिप्स स्वतःच्या कार्यक्षेत्रात संरचनेची वेगळी प्रत ठेवतो आणि तीच वापरतो, त्यामुळे मूळ फोल्डरमधली फाइल कितीही बदलली तरी फरक पडत नाही. महाविद्यालयांतल्या प्रकल्पांमध्ये हा घोटाळा फार होतो. टॉमकॅट सुरू होताना आपला बेस कोणता हे स्वतःच छापतो. कोणतीही फाइल संपादित करण्यापूर्वी ती ओळ पाहून घ्यावी.

नाव आहे, पण नावाखाली काही नाही

ॲप्लिकेशनमध्ये डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड थेट लिहून ठेवणे अयोग्य आहे, म्हणून जावामध्ये जेएनडीआय नावाची एक व्यवस्था आहे. ती टेलिफोन डिरेक्टरीसारखी काम करते. ॲप्लिकेशन फक्त 'जेडीबीसी/प्रवेश' असे काही नाव घेते (जेडीबीसी म्हणजे जावाची डेटाबेसशी बोलण्याची ठरलेली पद्धत), आणि त्या नावासमोर कोणता डेटाबेस, कोणता वापरकर्ता आणि किती कनेक्शने हे टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्ट फाइलीत रिसोर्स या घटकाखाली नोंदवलेले असते. ॲप्लिकेशनच्या वेब डॉट एक्सएमएल या फाइलीत रिसोर्स-रेफ या घटकाखाली 'मला या नावाची वस्तू लागेल' अशी मागणी नोंदवता येते. मागणी एका फाइलीत आणि पुरवठा दुसऱ्या फाइलीत असल्यामुळे दोन्हीकडचे नाव अक्षरशः जुळावे लागते, लहान-मोठ्या लिपीसह.

ते जुळले नाही तर काय होते हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. मागणीही नाही आणि पुरवठाही नाही अशा स्थितीत संदेश सरळ येतो: हे नाव 'नॉट बाउंड इन धिस कॉन्टेक्स्ट', म्हणजे या नावाची नोंदच नाही. पण मागणी नोंदवलेली असेल आणि पुरवठा नसेल, तर टॉमकॅट त्या नावाखाली एक रिकामी वस्तू तयार करून देतो. नाव शोधणे यशस्वी होते, ॲप्लिकेशन पुढे जाते, आणि पहिले कनेक्शन मागताना हा प्रसिद्ध संदेश येतो: 'कॅनॉट क्रिएट जेडीबीसी ड्रायव्हर ऑफ क्लास '' फॉर कनेक्ट युआरएल 'नल''. वाचणाऱ्याचे लक्ष 'ड्रायव्हर' या शब्दावर जाते आणि तो ड्रायव्हरच्या जार फाइली, म्हणजे जावा कोडची गाठोडी, बदलत सुटतो. खरी खूण मात्र अवतरणचिन्हांच्या आत आहे. क्लासचे नाव रिकामे आहे आणि युआरएल नल, म्हणजे काहीच नाही, असे आहे, याचा अर्थ आपण भरलेली माहिती टॉमकॅटपर्यंत पोहोचलेलीच नाही. दोष ड्रायव्हरचा नाही, आपली नोंद योग्य जागी नसल्याचा आहे. अशा वेळी तीन शक्यता तपासाव्यात: नावात फरक आहे, नोंद सर्व्हर डॉट एक्सएमएलमधल्या ग्लोबल नेमिंग रिसोर्सेस या विभागात केली आहे पण ॲप्लिकेशनच्या कॉन्टेक्स्टमध्ये तिच्याकडे नेणारी रिसोर्स-लिंक दिलेली नाही, किंवा टॉमकॅट भलतीच कॉन्टेक्स्ट फाइल वाचत आहे.

या तिसऱ्या शक्यतेने माझे दीड दिवस घेतले होते. ॲप्लिकेशनच्या आत, मेटा-इन्फ फोल्डरमध्ये, कॉन्टेक्स्ट फाइल होती आणि तिच्यातला पासवर्ड मी पुनःपुन्हा तपासून भरत होतो. तरीही लॉगमध्ये 'ॲक्सेस डिनाइड' येत राहिले. शेवटी टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमध्ये, त्याच्या आतल्या कॅटालिना आणि त्याच्याही आतल्या लोकलहोस्ट फोल्डरमध्ये, ॲप्लिकेशनच्याच नावाची एक एक्सएमएल फाइल सापडली. कोणीतरी दोन वर्षांपूर्वी ती तिथे ठेवली होती आणि तिच्यात जुना पासवर्ड होता. त्या जागी फाइल असेल तर टॉमकॅट ॲप्लिकेशनच्या आतली कॉन्टेक्स्ट फाइल वाचतच नाही. तेव्हापासून मी पासवर्डवर शंका घेण्यापूर्वी तो फोल्डर उघडून पाहतो, आणि इतरांनाही तसेच करायला आग्रहाने सांगतो.

याच टप्प्यावर एक छोटी पण वारंवार होणारी चूक आहे. डेटाबेसच्या युआरएलमध्ये प्रश्नचिन्हानंतर अनेक पर्याय & या चिन्हाने जोडलेले असतात. एक्सएमएल फाइलीत हे चिन्ह तसेच लिहिता येत नाही. त्याच्यापुढे ए, एम, पी ही लहान लिपीतली अक्षरे आणि अर्धविराम लिहावा लागतो. तसे केले नाही तर 'रेफरन्स टू एन्टिटी' या शब्दांनी सुरू होणारी तक्रार येते आणि ती संपूर्ण फाइलच बाद होते. जावाच्या प्रॉपर्टीज फाइलीतून चालणारा युआरएल जसाच्या तसा एक्सएमएलमध्ये चिकटवल्यावर हे हमखास घडते.

ड्रायव्हर आणि आवृत्त्यांचा मेळ

पूल टॉमकॅटने सांभाळायचा असेल तर ड्रायव्हरची जार फाइल टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये असावी लागते, कारण पूल तयार करणारा टॉमकॅटचा भाग ॲप्लिकेशनच्या आतल्या फोल्डरमध्ये डोकावत नाही. उलट ॲप्लिकेशन स्वतःच कनेक्शन उघडत असेल आणि जार त्याच्या वेब-इन्फमधल्या लिबमध्ये असेल, तर 'नो सुटेबल ड्रायव्हर' हा संदेश येऊ शकतो. टॉमकॅट सुरू होतानाच ड्रायव्हरांची स्वयंचलित नोंदणी उरकून घेतो, आणि त्या क्षणी ॲप्लिकेशनच्या आतल्या जार त्याला दिसत नाहीत. म्हणून अशा ड्रायव्हरची नोंदणी ॲप्लिकेशनने स्वतः करावी लागते. हाच संदेश युआरएलच्या सुरुवातीच्या शब्दांत टंकनदोष असल्यावरही येतो, तेव्हा आधी तो पाहावा.

आवृत्तीबदलाचे दोन सापळे आहेत. पहिला टॉमकॅट ८ चा. या आवृत्तीपासून टॉमकॅटने डीबीसीपी या पूलची दुसरी पिढी स्वीकारली आणि तिच्यात काही नावे बदलली: मॅक्स-ॲक्टिव्हचे मॅक्स-टोटल झाले, मॅक्स-वेटचे मॅक्स-वेट-मिलिस झाले. जुन्या फाइलीत मॅक्स-ॲक्टिव्ह १०० असे लिहिलेले असेल तर नवा पूल ते नाव दुर्लक्षित करतो, लॉगमध्ये तशी सूचना देतो, आणि मूळ नियोजित संख्येवर येतो. ती संख्या आहे ८. शंभर कनेक्शनांवर चालणारे ॲप्लिकेशन कोणालाही न कळता आठांवर आलेले असते, आणि परिणाम दिसतो तो थेट गर्दीच्या दिवशी.

दुसरा सापळा टॉमकॅट १० चा. जावा एंटरप्राइझचे पॅकेज 'जावाएक्स'वरून 'जकार्ता'वर गेले, त्यामुळे टॉमकॅट ९ साठी बांधलेले ॲप्लिकेशन टॉमकॅट १० वर तसेच चालत नाही. यावर उपाय म्हणून काही जण संपूर्ण प्रकल्पात 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' असा सरसकट बदल करतात, आणि डेटाबेस तुटतो. कारण 'जावाएक्स डॉट एसक्यूएल' आणि 'जावाएक्स डॉट नेमिंग' ही पॅकेजे एंटरप्राइझची नाहीत, मूळ जावाची आहेत, आणि त्यांचे नाव बदललेले नाही. कॉन्टेक्स्ट फाइलीत डेटासोर्सचा प्रकार लिहिताना 'जावाएक्स डॉट एसक्यूएल डॉट डेटासोर्स' असेच राहिले पाहिजे.

दार ठोठावल्यावर मिळणारी तीन उत्तरे

नेटवर्कच्या टप्प्यावर मूळ कारणाची ओळ साधारणपणे तीनपैकी एका प्रकारची असते आणि त्यांतला फरक ओळखला की अर्धे काम होते. 'अननोन होस्ट' म्हणजे त्या नावाचे घरच नकाशावर नाही. नाव चुकले आहे किंवा डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, नोंद नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे घरापर्यंत पोहोचलो, पण त्या दाराआड कोणी नाही. डेटाबेस बंद आहे, वेगळ्या पोर्टवर आहे किंवा फक्त स्वतःच्याच यंत्रावरून येणाऱ्यांचे ऐकतो आहे. 'टाइम्ड आउट' म्हणजे हाका मारूनही काहीच उत्तर नाही. इथे बहुतेक वेळा मधली फायरवॉल आपले पॅकेट गुपचूप टाकून देत असते. मायएसक्यूएलचे नेहमीचे पोर्ट ३३०६, पोस्टग्रेसचे ५४३२ आणि ओरॅकलचे १५२१, हे आकडे पाठ असलेले बरे.

यात दोन ठिकाणी विशेष फसगत होते. मायएसक्यूएलच्या संरचनेत बाइंड-ॲड्रेस १२७.०.०.१, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःसाठीचाच पत्ता, असेल तर दुसऱ्या यंत्रावरच्या टॉमकॅटला तो नकारच देणार. आणि टॉमकॅट डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या एका बंदिस्त कप्प्यात, चालत असेल तर त्याच्या दृष्टीने 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनर स्वतः, आपले यंत्र नव्हे; युआरएलमध्ये डेटाबेसच्या कंटेनरचे किंवा सेवेचे नाव द्यावे लागते. म्हणूनच चाचणी नेहमी टॉमकॅट जिथे चालतो तिथूनच करावी. आपल्या टेबलावरच्या लॅपटॉपवरून डेटाबेस उघडला, याने टॉमकॅटच्या रस्त्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. लिनक्सवर मायएसक्यूएलचा क्लायंट 'लोकलहोस्ट' म्हटल्यावर पोर्टऐवजी सॉकेट फाइलीतून आत जातो, तर जावाचा ड्रायव्हर पोर्टमधून जातो. तेव्हा क्लायंटनेही १२७.०.०.१ हाच पत्ता देऊन पाहावे.

मायएसक्यूएलचा ड्रायव्हर 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर' असा एकच मथळा अनेक कारणांसाठी वापरतो, पण त्याच्या पुढच्या वाक्यात एक संख्या असते. शेवटचे पॅकेट पाठवून '० मिलिसेकंद' झाले असे लिहिलेले असेल, आणि सर्व्हरकडून काहीच मिळाले नाही असे पुढे म्हटले असेल, तर हे कनेक्शन मुळात जोडलेच गेले नाही. वरच्या तीन उत्तरांपैकी एक शोधावे. पण तिथे ५,४०,००,००० अशी मोठी संख्या असेल तर प्रकरण पूर्ण वेगळे आहे. एवढे मिलिसेकंद म्हणजे १५ तास. संध्याकाळी सातला कार्यालय बंद झाले, सकाळी दहाला पहिल्या माणसाने लॉग-इन केले, आणि रात्रभर पूलमध्ये पडून असलेले कनेक्शन त्याच्या हाती आले. मायएसक्यूएल वापरात नसलेले कनेक्शन वेट-टाइमआउट या मर्यादेनंतर तोडतो, आणि ती मर्यादा मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास, असते. सर्व्हरने दोर कापला होता, पूलला ते ठाऊक नव्हते. 'रोज सकाळी पहिल्यांदा चूक येते आणि पान ताजे केले की जाते' ही तक्रार ऐकली की हेच कारण प्रथम तपासावे.

यावर उपाय म्हणजे कनेक्शन देण्यापूर्वी ते जिवंत आहे का हे पूलने तपासणे. डीबीसीपीच्या दुसऱ्या पिढीत टेस्ट-ऑन-बॉरो हा पर्याय आधीपासून चालू असतो. 'टॉमकॅट जेडीबीसी पूल' नावाच्या टॉमकॅटच्या दुसऱ्या पूलमध्ये तो बंद असतो आणि 'सिलेक्ट १' अशी तपासणीची क्वेरी देऊन चालू करावा लागतो. युआरएलमध्ये ऑटो-रीकनेक्ट लिहिण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, तो मात्र मानू नये. ड्रायव्हरच्या अधिकृत दस्तऐवजातच त्याची शिफारस केलेली नाही, कारण अर्धवट राहिलेल्या व्यवहाराची स्थिती त्यात हरवू शकते.

दार उघडले, पण आत घेत नाहीत

'ॲक्सेस डिनाइड' या संदेशात दोन तपशील असतात, आणि ते दोन्ही वाचावेत. वापरकर्त्याच्या नावापुढे @ चिन्हानंतर जो पत्ता दिसतो तो सर्व्हरला आपण जिथून आलेले दिसतो तो पत्ता असतो. मायएसक्यूएलमध्ये एकाच नावाचा वापरकर्ता लोकलहोस्टवरून आलेला आणि दुसऱ्या यंत्रावरून आलेला असे दोन वेगळे वापरकर्ते मानले जातात, त्यामुळे परवानगी त्या पत्त्यासाठी दिलेली असावी लागते. आणि वाक्याच्या शेवटी 'युझिंग पासवर्ड: नो' असे असेल तर पासवर्ड चुकलेला नसून तो पाठवलाच गेलेला नाही, म्हणजे आपण पुन्हा संरचनेच्या टप्प्यावर परतलो आहोत. पोस्टग्रेसमध्ये याच जागी 'नो पीजी एचबीए डॉट कॉन्फ एन्ट्री' असा संदेश येतो. तिथे कोणत्या पत्त्यावरून कोणी कोणत्या डेटाबेसात यावे याची यादी त्या नावाच्या फाइलीत असते, आणि ती बदलल्यावर पोस्टग्रेसला नवी संरचना वाचायला सांगावे लागते.

मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीकडे जाताना आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना आणखी एक संदेश भेटला: सर्व्हरचे टाइम-झोन 'इंडिया स्टँडर्ड टाइम' किंवा 'आयएसटी' असे आहे, ते ओळखता येत नाही किंवा त्याचे एकाहून अधिक अर्थ होतात. ड्रायव्हरची तक्रार रास्त होती, कारण आयएसटी हीच अक्षरे भारताप्रमाणे इस्रायल आणि आयर्लंडच्या प्रमाणवेळेसाठीही वापरली जातात. युआरएलमध्ये सर्व्हर-टाइमझोन म्हणून 'एशिया/कोलकाता' असे पूर्ण नाव दिले की संदिग्धता संपते. ड्रायव्हरच्या ८.०.२३ आवृत्तीपासून हे वर्तन बदलले आहे, तरी जुन्या जार वापरणाऱ्या ठिकाणी हा संदेश अजूनही भेटतो. केवळ चूक नाहीशी व्हावी म्हणून तिथे 'यूटीसी' लिहिणाऱ्यांनी मात्र जपावे, कारण सर्व्हर भारतीय वेळेवर असेल तर नोंदींच्या वेळा साडेपाच तासांनी सरकू शकतात, आणि हे नुकसान महिनोन् महिने लक्षात येत नाही.

आठ कनेक्शने आणि दोनशे माणसे

आतापर्यंतचे बिघाड निदान ओरडून तरी सांगतात. पूल रिकामा होण्याचा बिघाड मात्र मुका असतो. पान फिरत राहते, लॉगमध्ये काहीच येत नाही, सर्व्हर पुन्हा सुरू केला की सगळे सुरळीत होते, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा तेच. टॉमकॅट मुळात एका वेळी २०० थ्रेड चालवतो, म्हणजे दोनशे जणांचे काम एकाच वेळी हाती घेऊ शकतो. डीबीसीपीचा पूल मुळात ८ कनेक्शनांचा असतो. पूल रिकामा असताना किती वेळ थांबायचे याची मूळ मर्यादा 'अमर्याद' आहे. म्हणून नववा माणूस चूक न येता नुसता थांबतो, त्याच्यामागे दहावा थांबतो, आणि बघता बघता दोनशेही थ्रेड रांगेत अडकतात. मग डेटाबेसची गरज नसलेली साधी पानेही उघडेनाशी होतात.

एका शिक्षणसंस्थेच्या प्रवेश-अर्जांच्या ॲप्लिकेशनमध्ये हे मी जवळून पाहिले. अर्ज भरण्याच्या दिवसांत ते रोज दुपारपर्यंत गोठत असे. सर्वांचा समज होता की गर्दी वाढली, सर्व्हर कमी पडतो, मोठे यंत्र घ्यावे लागेल. मी गोठलेल्या अवस्थेतच, सर्व्हर बंद करू न देता, जे-स्टॅक या जावाबरोबर येणाऱ्या साधनाने थ्रेड-डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड कुठे उभा आहे याची यादी, घेतला. त्यात जवळजवळ प्रत्येक थ्रेड 'बॉरो ऑब्जेक्ट' या एकाच ओळीवर, म्हणजे पूलमधून कनेक्शन मिळण्याची वाट पाहत, उभा होता. त्याच मिनिटाला मायएसक्यूएलमध्ये 'शो प्रोसेसलिस्ट' चालवून पाहिले, तर आपल्या ॲप्लिकेशनची बरोबर आठ कनेक्शने होती आणि आठही 'स्लीप' अवस्थेत, कोणतेही काम न करता पडून होती. डेटाबेस मोकळा होता आणि ॲप्लिकेशन त्याची वाट पाहत होते. गर्दीचा सिद्धांत तिथेच निकालात निघाला: कनेक्शने घेतली गेली होती आणि परत केली गेली नव्हती.

गळती कुठून होते ते शोधण्यासाठी पूललाच पहारा द्यायला लावता येते. रिमूव्ह-अबँडन्ड-ऑन-बॉरो आणि लॉग-अबँडन्ड हे दोन पर्याय चालू केले की ठराविक काळ, मुळात ३०० सेकंद, परत न आलेले कनेक्शन पूल काढून घेतो आणि ते कोडच्या कोणत्या ओळीवर घेतले गेले होते ते लॉगमध्ये छापतो. आमच्या लॉगमध्ये कोडमधल्या एकाच पद्धतीचे (मेथडचे) नाव पुनःपुन्हा आले. तिच्यात कनेक्शन उघडले जात होते, अर्ज नोंदवला जात होता आणि शेवटच्या ओळीत कनेक्शन बंद केले जात होते. कोणी एकच अर्ज क्रमांक दोनदा भरला की मधल्याच ओळीवर दुहेरी नोंदीचा अपवाद उद्भवत होता, अंमल तिथून थेट बाहेर जात होता, आणि बंद करण्याची ओळ कधीच चालत नव्हती. वापरकर्त्याला 'हा क्रमांक आधीच नोंदवला आहे' असा सभ्य संदेश दिसे आणि मागे एक कनेक्शन हरवलेले असे. अशी आठ माणसे दुपारपर्यंत सहज होत.

यावरचा खरा इलाज जावा ७ मध्ये, २०११ साली, भाषेतच आला. कनेक्शन 'ट्राय' या शब्दापुढच्या कंसात उघडले, तर त्या खंडातून बाहेर पडताना, मग ते सरळ असो वा अपवादामुळे, जावा ते स्वतः बंद करते. स्टेटमेंट आणि रिझल्टसेट यांनाही हेच लागू करावे. काढून घेण्याचा पर्याय हा शोधासाठीचा दिवा आहे, तो कायमचा उपचार म्हणून ठेवू नये. पाच मिनिटांहून अधिक चालणाऱ्या एखाद्या अहवालाचे चालू कनेक्शनही तो हिसकावून घेऊ शकतो.

पूल मोठा करणे हा सर्वांत पहिला सुचणारा उपाय असतो, आणि गळती असताना तो निरुपयोगी आहे: आठ कनेक्शने दुपारपर्यंत संपत असतील तर ऐंशी कनेक्शने काही दिवसांनी संपतील. शिवाय पलीकडेही मर्यादा आहे. मायएसक्यूएल मुळात १५१ कनेक्शने स्वीकारतो आणि पोस्टग्रेस १००. पन्नास कनेक्शनांचा पूल असलेले चार टॉमकॅट एकाच मायएसक्यूएलवर सोडले तर भरगर्दीत बेरीज २०० होते आणि 'टू मेनी कनेक्शन्स' हा संदेश ठरलेला आहे. म्हणून पूलचा आकार ठरवताना त्या डेटाबेसवर येणाऱ्या सर्व ॲप्लिकेशनांची बेरीज कागदावर मांडावी, आणि देखभालीसाठी आत जाता यावे म्हणून काही कनेक्शने बाजूला ठेवावीत.

त्या संस्थेत आम्ही ती एक पद्धत दुरुस्त केली, तशाच लिहिलेल्या आणखी चार पद्धती शोधून काढल्या, पूल वीस कनेक्शनांचा केला, आणि थांबण्याची मर्यादा १० सेकंदांची ठेवली, जेणेकरून पुन्हा कधी पूल रिकामा झालाच तर पान नुसते फिरत राहण्याऐवजी लॉगमध्ये स्पष्ट चूक उमटेल. पुढच्या दिवशी सकाळपासून दर तासाला मी प्रोसेसलिस्ट पाहत होतो. अर्जांची संख्या आदल्या दिवसापेक्षा जास्त होती. दुपारी बारा वाजता पाच कनेक्शने दिसली, तीन वाजता सहा, आणि सहा वाजता अर्जांची खिडकी बंद झाली तेव्हा चार.